खळा

त्या पोरीबद्दल पुतळाबायची तक्रार एकच होती. तिला शिवी देता येत नव्हती.

"मानसानं येवडा बरा वागू नये," ती शेजारच्या चांगुणाबाईला सांगायची. चांगुणा काही बहिरी नव्हती. पण पुतळाबायचा आवाज जन्मभर दिवाळे गावच्या बाजारात मासळी विकून तयार झालेला, तो ती घरात आली म्हणून लहान होत नसे. "उंबऱ्याभायेर चपला काढते. आल्या आल्या पाया पडते. जवल्याची चटनी वाढली तं बोटं चाटते, वर आनकी भाकर मागते. आता अशा बाईला काय बोलायचा? तोंडात भाकर असताना?"

"नको बोलू," चांगुणा म्हणायची.

"नको कशी? पोटात ठेवून मी फुगू काय केंड माशासारकी?"

ती पोरगी म्हणजे प्रियदर्शिनी. राहायची नेरूळला, मूळची साताऱ्याकडची, इमारती आखायचं शिकलेली. कोळपाड्यात सगळे तिला 'मॅडम' म्हणत. पुतळाबाय मात्र 'बाय'च म्हणायची. मॅडम म्हणताना जीभ अडखळते आणि अडखळलेल्या जिभेनं भांडता येत नाही, असं तिचं म्हणणं होतं. या मॅडमनी कोळपाड्यातल्या बायकांसाठी एक केंद्र बांधलं होतं. भिंती विटांच्या, जाळ्याजाळ्यांच्या, आत खाडीचा वारा खेळायचा. बघायला लांबून लोक यायचे. आणि ते उभं होतं खळ्यावर.

शहर आलं तेव्हा गावची भातशेती गेली, मिठागरं गेली. उरली खाडी आणि खाडीला लागून हा खळा. पाऊस सरला की बायका त्याच्यावरचं गवत उपटायच्या, जमीन चोपायच्या, शेणानं सारवायच्या, आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत तिथं जवळा, करंदी, मांदेली वाळत पडायची. सारवणाचा पहिला हात पुतळाबायचा. तिच्या आधी तिच्या सासूचा. पुरुषांनी जाळी विणायची ती धक्क्यावर. खळ्यावर पुरुषाचं काम नव्हतं. त्यामुळे सासूनं छळलेली सून रडायला खळ्यावर यायची, आणि सून बोलत नाही म्हणून सासूही रडायला तिथंच यायची. कावळे हाकता हाकता लग्नं जुळली, अबोले सुटले. पोरीबाळींना घराबाहेर बसायची ती एक जागा होती आणि कोणी विचारलं तर सांगायला काम होतं.

प्रियदर्शिनी पहिल्यांदा आली ती ऐन आषाढात. पुतळाबाय तेव्हा उरणला होती, लेकीच्या बाळंतपणाला. होड्या वर ओढलेल्या, खाडी बंद. ही बाई छत्री घेऊन घरोघर फिरली. कोणी आजवर विचारलं नव्हतं ते तिनं विचारलं. आंघोळीला आडोसा आहे का, पोरींना शिवण शिकायचंय का, बायका एकत्र बसतात कुठं. बायका लाजल्या, हसल्या, "बसतो कुठंबी" म्हणाल्या. मग पुतळाबायचा लेक गोटीराम तिला गाव दाखवायला निघाला.

त्यांचं बोलणं काय झालं, ते गोटीरामला आईसमोर इतक्यांदा सांगावं लागलं की तो झोपेतही बरळला असता.

"ही जागा कशाची, दादा?"

"खला हाय."

तिचा चेहरा उजळला. "अहो, आमच्याकडेपण खळं होतं, आजोबांचं! आम्ही पोरं नुसती लोळायचो त्यात. आता वापरात नाही ना?"

"आता कुठं? दसऱ्याच्या फुडं."

"आणि शेतं?"

"शेतां तं गेली सगली."

साताऱ्याकडे खळं म्हणजे मळणीचं. शेत गेलं की खळं रिकामं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. समोर तर नुसतं भिजलेलं गवत होतं आणि एक म्हैस चरत होती. पोरगी त्या मेलेल्या खळ्यासाठी हळहळली आणि मनाशी म्हणाली, इथंच पुन्हा माणसं आणायची. 

खोटं कोणीच बोललं नव्हतं. पुतळाबायला तेच सोसत नसे. "येक जरी लबाड निघाला असता तं त्याची गचांडी धरली असती," ती म्हणायची. "हितं धरू कोनाची?"

ती उरणहून परतली तेव्हा खळ्यावर खड्डे खणून झाले होते. गोटीराम खाली मान घालून म्हणाला, "आये, मना वाटला कोपऱ्यात बांधतील."

"कोपऱ्यात? तुज्या डोक्यात केवडी जागा मोकली हाय, तिथं बांधायला सांगायचा होतास!"

ती तशीच, प्रवासाची पिशवी हातात घेऊन, खड्ड्यात उतरली. मजूर थांबले. प्रियदर्शिनी धावत आली आणि खड्ड्यात उतरून आधी पाया पडली. तिथंच पुतळाबायचं अर्धं भांडण सांडलं.

"बाय, जवला आमी कुठं सुकवायचा? तुज्या पदरात?"

"जवळा?" ती म्हणाली. "इथं? पण खळं म्हणजे..."

मग ती बोलायची थांबली. खाडीकडे बघितलं, खांबांच्या सळ्यांकडे बघितलं, आणि मातीच्या ढिगावर मटकन बसली. तिचा रंग असा उतरला की पुतळाबायनं शिव्या बाजूला ठेवून आधी पाणी मागवलं.

पुढचे दिवस ती पोरगी वणवण फिरली. पुतळाबायलाही बरोबर घेऊन गेली. ज्या साहेबाच्या सहीनं काम चाललं होतं, त्यानं दोघींना खुर्च्या दिल्या, चहा दिला. "आजी, मला समजतंय," तो म्हणाला, "पण पाया भरला आहे. आता जागा बदला म्हटलं तर केंद्रच दुसऱ्या गावाला जाईल. आणि हे सगळं तुमच्यासाठीच आहे ना?"

"मंग दुसरी जागा द्या सुकवायला."

"गावाबाहेरची जमीन प्लॉटांची. किनाऱ्याला तिवरांची झाडी, तिला हात लावता येत नाही. तुम्हीच सांगा, कुठली देऊ?"

 बाजारात पुतळाबायला गप्प करणारा माणूस जन्माला आला नव्हता. इथं एक शब्द वाकडा न बोलता त्यानं ते केलं होतं. निघताना साहेबानं दार उघडून धरलं.

मग प्रियदर्शिनीला गच्ची सुचली. नकाशातलं कौलारू छप्पर तिनं खोडून टाकलं, वर सपाट, मोठी गच्ची घेतली. जिना रुंद केला, पायऱ्या बुटक्या ठेवल्या, म्हाताऱ्यांचे गुडघे दुखू नयेत म्हणून. टोपल्या वर ओढायला कप्पी बसवली. "आजी, तुमचा खळा मी वर उचलून ठेवते," ती म्हणाली.

पुतळाबाय नाक मुरडून जिना चढली. एकेका पायरीवर थांबली. वर आल्यावर वारा लागला, खाडी पार टोकापर्यंत दिसली, येणाऱ्या होड्या ओळखता आल्या.  पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर शेणाची पहिली पाटी कप्पीला तिनंच अडकवली.

गच्ची सारवली. जवळा पसरला. चांगुणा एका टोकाला काठी घेऊन बसली, आणि क्षणभर सगळं पहिल्यासारखं वाटलं.

जवळ्याचं पाणी मातीत मुरतं. सिमेंटमध्ये ते मुरेना. खालचा थर कुजला, वरचा उन्हानं करपला, शेणाच्या खपल्या निघून जवळ्यात मिसळल्या. मग पातळ पसरून बघितला, जुनी जाळी अंथरून बघितली. प्रियदर्शिनी स्वतः पदर खोचून फळकुटानं जवळा उलटा-पालटा करत होती, नाक लाल झालं होतं. उरणहून नेहमी येणारा व्यापारी आला, चिमूटभर हातात घेतला, हुंगला, आणि पुतळाबायच्या नजरेला नजर न देता म्हणाला, "मावशी, औंदा राहू द्या."

शिवी द्यावी तर तोही बरा माणूस निघाला.

खाली शिवणाचा वर्ग सुरू झाला होता. वरून पन्हळीतून ओघळ यायचे, नव्या कापडाला वास लागायचा. पोरी तोंडाला रुमाल बांधून मशीन चालवत. कोणी कोणाला 'बंद करा' म्हटलं नाही. एकीची टोपली वर गेली नाही, मग दुसरीची. एक दिवस कप्पीचा दोर वाऱ्यानं नुसताच भिंतीवर आपटत होता. बायका ओला माल येईल त्या भावानं द्यायला लागल्या.

पुतळाबायची सून शालन सकाळी नेरूळच्या फ्लॅटांत धुणीभांडी करायला जायला लागली. दुपारी केंद्रात शिवण. एकदा पुतळाबाय तिच्यावर घसरली, "लोकांच्या उष्ट्यात हात घालतेस, वर त्या केंद्रात जाऊन बसतेस, लाज नाय वाटत?"

शालननं भांडं खाली ठेवलं. "आई, तितं संडास बांधलाय, त्याला कडी हाय. दिवसा जाता येतं. लग्न झाल्यापासनं मी काळोख पडायची वाट बघत होती. तुमी नव्हता बघत?"

पुतळाबायही बघत होती. तिची सासूही बघत होती. खळ्यावर सगळं बोलणं व्हायचं, पण हे कधी निघालं नव्हतं. बाहेरून एक बाई आली तेव्हा त्या दाराला कडी लागली. हे कबूल करावं तर खळा गेल्याचं रडायला तोंड राहत नाही. न करावं तर सून खोटी ठरते, आणि सून खरं बोलत होती. त्या दिवसापासून केंद्रावरून जाताना ती थुंकायची बंद झाली. बाकी काही तिच्या हातात उरलं नव्हतं.

उद्घाटन राहिलं होतं, कोण्या मोठ्या माणसाला सवड मिळायची होती. एका दुपारी प्रियदर्शिनी आली. उंबऱ्याबाहेर चपला, वाकून नमस्कार, सगळं नेहमीसारखं. फक्त आता तिचे गाल बसले होते. पुतळाबायनं ताट वाढलं. जवळा नव्हता. वांगं-बटाटा होता.

पोरगी खाली बघून जेवली. मग म्हणाली, "आजी, दारावर नाव लिहायचंय. पेंटर येऊन थांबलाय. मी सगळ्यांशी बोलले, गोटीरामदादा हो म्हणाले. पण तुम्ही हो म्हणाल तरच." ती अडखळली. "केंद्राचं नाव 'खळा' ठेवू या? म्हणजे पुढच्या पोरींना कळेल, इथं काय होतं."

ओटीवर बसलेली चांगुणा आत डोकावली. गोटीराम उठून परसात गेला.

पुतळाबायनं तिच्याकडे बघितलं. पोरगी रडून दाखवत नव्हती. हात जोडून बसली असती तर बरं झालं असतं. ती उष्ट्या हातानं ताटातली शितं गोळा करत होती, आपल्या घरातल्यासारखी. एवढ्या दिवसांच्या शिव्या पुतळाबायच्या जिभेवर येऊन उभ्या राहिल्या आणि तिथंच विरल्या. तिनं अजून एक भाकरी तिच्या ताटात घातली, वाटी जवळ सरकवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा, शेजारी ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलली.

"तू वाईट नाय, बाय. घर बी चांगला बांधलास, कडी बी चांगली लावलीस, मी खोटा नाय बोलायची. पन आमच्यात मेलेल्या मानसाचा नाव त्याच्या नातवाला ठेवतात. ज्याच्या हातून तो मेला, त्याला नाय ठेवत."