सुभद्राबाईंच्या दारासमोर पेटणारा दिवा

पहिला दगड सुभद्राबाईंच्या खिडकीला लागला, दुसरा त्यांच्या कपाळाला. काळाचौकीच्या त्या वळणावर रविवारी सकाळी शे-दीडशे माणसं जमली होती आणि हॉस्पिटलात आयाचं काम करून निवृत्त झालेली ती एकटी बाई पदरानं रक्त दाबत दारात उभी होती.

"बाहेर काढा रे हिला! चेटकीण आहे साली!"

एवढा आरोप कशावरून, तर गल्लीतल्या हेरंबच्या गाडीत, डॅशबोर्डवर लागणाऱ्या एका लाल दिव्यावरून! रेसचे टायर चढवलेली ती गाडी डावं वळण जोरात घेऊन बाईंच्या दारासमोर आली की दिवा पेटायचा. मंगळवारी गाडी चालवताना त्या दिव्याकडे बघता बघता हेरंबचा धाकटा भाऊ शंतनू भिंतीवर आदळला. दोन्ही पाय मोडले. गाडी मात्र ठोकठाक करून पुन्हा चालू झाली.

मग जवळच्या मठातले ज्वालाबाबा धावून आले नसते तरच नवल. मघाशीच त्यांनी मांडीवर लिंबू घेऊन, त्याच गाडीच्या मागच्या सीटवर बसून फेरी मारली होती. "आता तिचा डोळा उघडेल!" ते गरजले आणि दिवा पेटला. रोज जिथे पेटतो तिथेच पेटेल हे सांगायला सिद्धी कशाला लागते? पण एवढं विचारायला डोकं जागेवर लागतं.

विचारू शकेल असा एकच माणूस तिथे होता, गॅरेजवाला गंगाधर, आणि तो तोंड शिवून उभा होता. महिन्यापूर्वी गाडीखालचं तेलाचं चेंबर स्पीडब्रेकरवर फुटलं, ते त्यानंच सांधलं होतं. आतला तेल अडवणारा पत्रा तुटून हातात आला, तेव्हा "एवढ्यानं काय होतंय" म्हणत त्यानं तो भंगारात टाकला. बाबांमुळे तो आयता सुटत होता, आणि या सुटकेची त्याला शरम वाटत होती.

हेरंबनं बाईंचे केस धरून त्यांना पायरीवरून खाली खेचलं. कुणीतरी पाठीत लाथ घातली. हाड वाजल्याचा आवाज गंगाधरला ऐकू आला.

"सोड मावशीला!" तो किंचाळला. "हेरंब, गाडीत बस. बाबा, तुम्हीपण. तुमच्या मठावरून जाऊ."

"मठावर कशाला, बालका? बाधा इथली आहे."

"मग घाबरताय कशाला?"

मठही एका डाव्या वळणावरच होता. गंगाधरनं गाडी तेवढ्याच जोरात वळवली. मठाच्या दारावरच्या बाबांच्याच फोटोसमोर, झेंडूच्या तोरणाखाली, गाडीतला तोच लाल दिवा भक्कन पेटला. लिंबू सीटखाली घरंगळलं.

"चेटकीण इथेपण राहते काय, बाबा?" हेरंबचा आवाज बदलला होता.

परत आल्यावर गंगाधरनं बाईंच्या घरातली परात आणून तिच्यात इंजिनचं तेल ओतलं, डाव्या बाजूला एक नळी धरली आणि परात उजवीकडे कलती केली. तेल पळालं, नळीचं तोंड उघडं पडलं. पत्र्याची पट्टी मध्ये आडवी धरल्यावर मात्र तेल अडलं.

"गाडी डावीकडे वळली की तेल असं उजवीकडे पळतं. पंपाची नळी हवा ओढते, तेलाचा दाब पडतो, दिवा लागतो. टायर चांगले, म्हणून वळण आणखी जोरात. तेल पळू नये म्हणून आत पत्रा असतो. तो मी बसवला नाही. शंतनूचे पाय माझ्यामुळे मोडले."

हेरंबचा ठोसा त्याच्या जबड्यावर बसला. गंगाधरनं हात वर केला नाही. तेवढ्यात गर्दी बाबांवर उलटली. "मारा भोंदूला!" कफनी टरकन फाटली. दगड तेच होते, हातही तेच.

"थांबा!" सुभद्राबाई पायरीला धरून उठल्या. "या बाबाला पोलिसांत द्या, पण हात लावू नका. तासाभरापूर्वी माझ्याबद्दल पण तुमची अशीच खात्री होती. एकानं तरी गाडीखाली वाकून बघितलं? दगड उचलायच्या आधी कारण शोधा. ते सापडेपर्यंत हात खाली ठेवा."

एकेक दगड खाली पडू लागला. हेरंबनं मान खाली घालून आपला रुमाल बाईंपुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही.

"गंगाधरला दे," त्या म्हणाल्या. "त्याच्या तोंडातून रक्त येतंय."