आणखी एक आसावरी

सुलभाताईंनी पाळण्याच्या दोरीला तिसऱ्यांदा गाठ मारली आणि तिसऱ्यांदा ती सुटली. पाळणा ऑनलाइन मागवलेला, घडी घालता येणारा. बारशाला पाळण्याला दोरी लागते हे तो बनवणाऱ्याच्या गावीही नव्हतं. शेवटी त्यांनी दोरी पाळण्याच्या पायालाच करकचून बांधली, वर झेंडूची माळ गुंडाळली आणि जरा लांब होऊन बघितलं. बरं दिसत होतं.

“आक्का, हा घ्या तुमचा गुंडप्पा,” म्हणत यल्लव्वा आत आली आणि तिनं टॉवेलात गुंडाळलेला दगड हळूच सोफ्यावर ठेवला.

यल्लव्वा मूळची निपाणीकडची. रोज सकाळी येऊन बाळाला आणि सुलभाताईंच्या सुनेला, श्वेताला, तेल लावून न्हाऊ घालायची. बारशाला पाळण्याच्या वरून-खालून फिरवायला वरवंटा हवा, आणि बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या सातव्या मजल्यावरच्या या घरात मिक्सर दोन असले तरी वरवंटा एकही नाही, हे ऐकल्यावर तिनं स्वतःच्या घरचा वाटायचा गुंडा आणायचं कबूल केलं होतं.

“आमच्यात बी असंच करत्यात. आधी याला निजवायचं, मग पोरीला. काय नजरबिजर लागायची ती दगडाला लागू दे.” तिनं गुंड्याला टोपरं चढवलं आणि त्याच्याकडे कौतुकानं बघितलं. “आणि कानात नाव सांगायला सोदरत्ते कोण? आत्या म्हंते मी.”

सुलभाताई माळेतलं एक फूल उगाचच सरळ करत राहिल्या.

“आत्या नाही. मीच सांगणार आहे.”

यल्लव्वानं त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि पुढचा प्रश्न गिळला.

“सरी, आक्का. आज्जी बी चालते.”

आत्या होती. दोन वर्षांपूर्वीपर्यंत होती. पुण्यात गणपतीच्या दिवसांत तिला ताप आला, डेंग्यूचा निघाला, आणि बंगळूरहून तिचा भाऊ तनय पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. “एवढी धडधाकट मुलगी, डासानं नेली,” असं सुलभाताईंचे यजमान शरच्चंद्र भेटायला आलेल्या कुणाला तरी म्हणाले होते. त्यानंतर त्यांनी मुलीचा विषय काढला नाही आणि तिचं नाव तर कधीच घेतलं नाही. कुणी घेतलं तर ते उठून गॅलरीत जात. हा माणूस दगडाचा आहे, असं सुलभाताईंनी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं.

त्यांचं स्वतःचं उलट झालं होतं. त्या नावामागे धावत सुटल्या होत्या. एका दुकानात साडीच्या नव्या वाणाचं नाव आसावरी निघालं. रंग अगदीच मळका होता, तरी त्यांनी ती घेतली. एका सकाळच्या मैफलीत गायकानं “आता आसावरी” म्हटलं, तेव्हा बक्षीस समारंभात आपल्या मुलीचं नाव पुकारावं तशा त्या खुर्चीत सावरून बसल्या. बँकेत एका काउंटरवर ‘आसावरी’ अशी पाटी होती. शेजारची खिडकी रिकामी असून त्या तिथल्या रांगेत उभ्या राहिल्या आणि त्या बाईनं “बोला” म्हटल्यावर काय बोलायचं तेच विसरल्या. इथं बंगळूरला आल्यावर वरच्या मजल्यावरची रक्षिता वीणेवर असावेरी वाजवते असं कळलं, तर लगेच तिच्या दारात. पण इकडची असावेरी वेगळीच होती, नाव तेवढं सारखं. त्या शेवटपर्यंत बसल्या आणि कॉफी घेऊन परत आल्या. वेड लागलेल्याला आपलं वेड कळत नाही म्हणतात, ते खोटं आहे. सुलभाताईंना ते चांगलं कळत होतं.

खरं म्हणजे त्यांच्या मुलीचा आणि त्या रागाचा काडीचा संबंध नव्हता. शरच्चंद्र रोज ज्या बसथांब्यावर उभे राहायचे त्याच्या समोरच्या बंगल्याचं नाव ‘आसावरी’ होतं. बंगला काही जमणार नव्हता, म्हणून नाव तेवढं घरी आणलं. मुलगी पुढे इतकी बेसूर निघाली की शाळेत राष्ट्रगीताला बाई तिला नुसते ओठ हलवायला सांगायच्या.

तनयला मुलगी झाल्याचा फोन आला, तेव्हा सुलभाताई आधी रडल्या आणि मग लगेच म्हणाल्या, “आसावरी ठेवायचं रे.” तनय म्हणाला, “हो आई, दुसरं काय ठेवणार?” श्वेताच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे बाळंतपण सासूच्या हातात आलं होतं, आणि डिंकाचे लाडू करून घालणाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं, हा श्वेतापुढचा पेच होता. एकदा सुलभाताई दूध घेऊन खोलीच्या दाराशी गेल्या, तेव्हा आतून श्वेताचा आवाज आला, “रेवा, हळू पी गं, पळून नाही चाललंय.” सुलभाताईंनी दारावर मुद्दाम टकटक केली आणि आपण काही ऐकलंच नाही असं दाखवलं. परवा श्वेता आपणहून म्हणाली, “आई, आसावरी ठेवा. मला चालेल.” हे म्हणताना ती दुपट्यांच्या घड्या घालत होती, आणि घातलेल्याच घड्या मोडून पुन्हा घालत होती.

चालेल म्हणाली ना, मग झालं. सुलभाताईंनी त्यापुढे विचार केला नव्हता.

घुगऱ्यांना फोडणी देऊन त्या झाऱ्यानं हलवत होत्या. बाहेर बिल्डिंगमधल्या बायका जमू लागल्या होत्या, कुणी कानडी, कुणी हिंदी बोलत होतं. परत बेल वाजली. दार उघडल्याचा आवाज आला आणि तनय मोठ्यानं म्हणाला,

“आसावरी! ये ना, ये. चप्पल राहू दे तिथंच.”

झारा कुठं ठेवला, गॅस बंद केला की नाही, यातलं सुलभाताईंना पुढे काही आठवलं नाही. त्या हॉलच्या दारात पोचल्या होत्या. समोर गॅलरीच्या दारात शरच्चंद्र उभे होते. मांडीवरचा पेपर खाली पडला होता आणि एका पायातली सपात मागेच राहिली होती. त्यांचा चेहरा पार उघडा पडला होता. दारातून कोण आलं हे बघण्याआधी त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. हा माणूसही त्याच हाकेला धावत आला होता. दोन वर्षं एका घरात राहून आपल्याला हे कळू नये याची सुलभाताईंना लाज वाटली.

मधे एक सावळी, हसरी मुलगी पाठीवरची सॅक सावरत उभी होती.

“नमस्कार काकू. मी आसावरी, तनयच्या टीममध्ये आहे.” तिनं वाकून दोघांना नमस्कार केला. बोलण्यात नागपूरचा हेल होता. “तनय म्हणाला, आत्या व्हायचंय. मी पहिल्यांदाच आत्या होऊन राहिली, सांभाळून घ्या हं.”

शरच्चंद्रांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सपात शोधायला मागे वळले.

सुलभाताईंनी तनयला दंडाला धरून पॅसेजमध्ये नेलं.

“हे काय केलंस?”

“आई, मला वाटलं…” तनयनं मान खाली घातली. “आत्याच्या जागी आसावरीच असावी. नाव तरी. दुसरं कुणी तिथं वाकलेलं मला बघवलं नसतं.”

त्याला रागवावं असं त्यांना फार वाटलं, पण कुठल्या तोंडानं रागवणार? दोन वर्षं त्यांनी जे चोरून केलं तेच पोरानं उघड केलं होतं.

“तिला सांगितलंयस?”

“नाही.”

“सांगू नकोस. तिला बिचारीला काय माहीत.”

बिचारी तोवर स्वयंपाकघरात शिरून, जळायला टेकलेल्या घुगऱ्या उतरवून, ओलं खोबरं किसायला बसली होती. किसताना ती काहीतरी गुणगुणत होती, आणि ते सूर सुलभाताईंनी ओळखले. एवढ्या मैफली ऐकून तेवढं ज्ञान झालं होतं.

“तुझं नाव कुणी ठेवलं गं?”

“आजोबांनी. ते गात होते. मला त्यांनीच शिकवलं, सगळ्यात आधी हाच राग. ‘आपल्या नावाचं तरी नीट म्हण’ म्हणत.” ती हसली. हसताना एक डोळा बारीक करायची. “तुमच्याकडे कोण गातं काकू? तनय म्हणत होता, बाळाचं नावही हेच ठेवणार आहात.”

“नाही गं, आमच्याकडे कुणी गात नाही.”

मुलीनं पुन्हा गुणगुणायला सुरुवात केली. सुलभाताई कोथिंबीर निवडत ऐकत राहिल्या. गोड आवाज होता. पण त्या आवाजात, त्या बारीक होणाऱ्या डोळ्यात, खोबऱ्याची पाठ किसायची नाही म्हणून जपून चालणाऱ्या हातात त्यांची मुलगी कुठंच नव्हती. असणार कशी? ही कुणा दुसऱ्याची नात होती, तिला तिचे आजोबा होते, तिचा राग होता, आणि तिला कशाचीच उणीव नव्हती. त्यांची आसावरी साडीत नव्हती, बँकेच्या खिडकीत नव्हती, तशीच ती इथंही नव्हती. उद्या पाळण्यातली पोर मोठी होईल, तिला आसावरी म्हणून हाक मारली की ती धावत येईल, आणि आपण तिच्या मागे आणखी कुणी येतंय का ते बघत राहू. दर वेळी बघू. ते त्या पोरीला एक दिवस कळेल. सुलभाताईंना भरून आलं, आणि कोथिंबिरीत मुद्दाम खाली बघत त्यांनी डोळे पुसले.

“काकू, कांदा तर नाही चिरलेला,” मुलगी म्हणाली.

“नाही. वयानं पाणी येतं डोळ्यांना.”

मग बारसं सुरू झालं. टोपरं घातलेला गुंडप्पा पाळण्याच्या खालून गेला, वरून आला. खाली यल्लव्वा, वर नागपूरची आसावरी. देताघेताना दोघींची गडबड होऊन दगड एकदा निसटताच होता आणि सगळ्या बायका ओरडल्या. वरच्या मजल्यावरची रक्षिता फोनवर चित्रण करत होती. श्वेतानं बाळाला आणून पाळण्यात ठेवलं. नऊवारी नेसवलेली, नथ घातलेली श्वेता फार सुंदर दिसत होती, आणि ती कुणाकडेही बघत नव्हती. बाळाच्या अंगावरचं दुपटं ती हातानं सारखं करत राहिली.

“आता आत्या!” कुणीतरी म्हणालं.

आसावरी पदर खोचून पुढे झाली. सुलभाताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“थांब बाळा. एवढं माझ्याकडे राहू दे.”

“हो ना काकू, तुम्हीच सांगा,” ती चटकन बाजूला झाली.

सुलभाताई वाकल्या. बाळाच्या डोक्याला तेलाचा आणि धुपाचा वास येत होता. कान एवढासा, अजून कोवळी लव असलेला. कानात नाव सांगणारीच्या पाठीत धपाटे घालायची रीत तिथल्या निम्म्या बायकांना ठाऊक नव्हती. आसावरीनं सांगितल्यावर त्यांना जोर आला आणि चारदोन धपाटे हसत हसत बसले. मग यल्लव्वानं हात टेकला. तळव्याखाली पाठ थरथरतेय हे तिला कळलं असावं. तिनं धपाटा घातला नाही. हात तिथंच ठेवून ती इतरांना म्हणाली, “साकू, साकू. पुरे आता. स्वल्प थांबा गं.”

सुलभाताईंना वेळ लागला. बायका हसायच्या थांबल्या, तरी त्या वाकलेल्याच होत्या.

मग त्या सरळ झाल्या, पदरानं तोंड पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“रेवा.”

तनय आईकडे बघतच राहिला. श्वेतानं मान वर केली. तिच्या डोळ्यांतलं पाणी गालावर आलं आणि नथीपाशी अडलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, “रेवा, रेवा, छान आहे” झालं, आणि कुणीतरी फोनवर पाळणा लावला. शरच्चंद्र गॅलरीत गेले नाहीत. ते पाळण्याची दोरी हातात घेऊन उभे राहिले आणि फार हळू हलवू लागले.

घुगऱ्या वाटून झाल्या. नागपूरची आसावरी दोन वाट्या खाऊन, बाळाची पापी घेऊन, “रेवाबाई, येते हं” म्हणून गेली. पाहुण्या पांगल्यावर श्वेता सुलभाताईंजवळ जमिनीवरच येऊन बसली. ती हातातली बांगडी फिरवत होती.

“आई, तुम्ही का…” ती अडखळली. मग तिनं प्रश्न बदलला. “नाव तर दोन अक्षरांचं. एवढा वेळ तिच्या कानात काय सांगत होतात?”

सुलभाताईंनी पाळण्याकडे बघितलं. दोरी अजून शरच्चंद्रांच्याच हातात होती, पण ती हलायची थांबली होती.

“म्हटलं, हा मान तुझ्या आत्याचा. आसावरी नाव तिचं. तिला यायला जमलं नाही.”