चार बोटं उंच आर्म्वार

लग्नाच्या आदल्या दिवशी माझं आर्म्वार, म्हणजे बाबांनी बनवलेलं मोठं कपाट, गाडीवर चढवून आम्ही माझ्या होणाऱ्या सासरी, केनेलांच्या शेतघरी पोचलो. मागे व्हायोलिनवाला, त्याच्यामागे अर्धं गाव. आमच्या नॉर्मंडीत नवरीच्या आधी तिचं कपाट घरात जातं. ते उभं राहिल्याशिवाय नवरी उंबरा ओलांडत नाही. म्हणून मी दाराबाहेर, किल्ली मुठीत धरून, सारखी या पायावरून त्या पायावर होत होते.

आत बाबांनी खुंट्या ठोकून कपाट जोडलं. शेवटी कबुतरांची जोडी कोरलेला माथा बसवायला गेले आणि छताची तुळई आडवी आली. चार बोटांनी! माप घ्यायला सासूबाईंनी बाबांना घरात येऊच दिलं नव्हतं. छतापर्यंतची उंची तेवढी सांगून पाठवली होती, तुळई विसरून.

"मग माथा राहू द्या," सासूबाई म्हणाल्या. "कबुतरं खुराड्यातच शोभतात, सुतारबुवा. आणि एवढं धूड हवंय कशाला? एका दाराचं बोनेतिएर चाललं असतं."

"बोनेतिएर टोप्यांसाठी असतं, विहीणबाई." बाबांचा आवाज चढला. "तुमच्याकडे टोपी नांदायला येत नाहीये. आर्म्वारात दोघांच्या चादरी राहतात, बाळाची दुपटी राहतात. पूर्वी त्यात शस्त्रं ठेवायचे, म्हणून ते नाव. इथे त्यांचीही गरज पडेलसं दिसतंय!"

अंगणात हशा पिकला. मला मात्र रडू येत होतं. आज कबुतरं खुराड्यात, तर उद्या मी कुठे? फुल्जांस, माझा होणारा नवरा, भिंतीला टेकून गप्प. बोल ना रे, मेल्या! तो गप्पच राहिला तर गाडीत बसून परत जायचं, मी ठरवून टाकलं.

तो माझ्या शेजारून, माझ्याकडे न बघता बाहेर गेला. संपलं सगळं, मला वाटलं. परतला तो कुदळ घेऊन. कपाट बाजूला सरकवायला लावून त्याने पायांच्या जागी जमीन खणायला घेतली.

"अरे, वेड लागलं का तुला?" सासूबाई ओरडल्या. "तुझ्या बापाने चोपून केलेली जमीन आहे ती!"

"कुणासाठी चोपली होती, आई?" त्याने मान वर न करता विचारलं. "तू येणार म्हणूनच ना?"

सासूबाईंनी वाकून खड्ड्यातली माती बोटांत चोळून पाहिली.

"खाली फरशीचे तुकडे घाल," त्या म्हणाल्या. "ओलीने लाकूड कुजतं." मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू दारात काय उभी राहिलीस? आत ये, माती उचल."