गाडीखालचं मांजर

मित्रांनो, जुनी तर मी आहेच, थोडी गंजलेलीही आहे. पण मांजर मात्र नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या आयुष्यातला सगळा घोटाळा या एका शब्दानं केला.

मी धूरगाळणी. मोटारीच्या पोटाखाली, इंजिनातून निघालेल्या नळीच्या वाटेत माझं बिऱ्हाड. बाहेरून पाहाल तर लोखंडी भोपळा. आत मधाच्या पोळ्यासारखी हजारो बारीक घरं. इंजिनाचा विषारी धूर त्या घरांतून तापत तापत जातो आणि बराचसा शहाणा होऊन बाहेर पडतो. इंग्रजीत माझं नाव आगगाडीएवढं लांब आहे. केनियातल्या नाकुरू शहरच्या गॅरेजवाल्यांनी त्याचं नुसतं तोंड ठेवलं: 'कॅट'. आणि कॅट म्हणजे मांजर, हे तुम्हाला मी काय सांगावं!

जन्म माझा जपानचा. तिथल्या एका म्हाताऱ्या दंतवैद्यानं आमची निळी गाडी इतकी जपून चालवली, की आठ वर्षांत मला धड घामसुद्धा फुटला नाही. मग बोटीनं मोम्बासा. वाटेत एका देवमाशाला माझा वास लागला, तो असा काही शिंकला की बोट दोन दिवस आधीच बंदराला लागली. खोटं वाटत असेल तर देवमाशाला विचारा.

नाकुरूला आमचा मालक झाला मोमान्यी. आठवडाभर शाळेत गणित शिकवणारा सरळ माणूस. पण या गाडीच्या बाबतीत अगदी वेडा. वर्षातून एकदा मेनेंगाई डोंगराच्या चढावर हौशी लोकांची शर्यत लागायची. तिथे चेरुइयोट नावाचा बटाट्याचा व्यापारी दर वेळी पहिला यायचा आणि आमचे मास्तर दुसरे.

घरात मास्तर आणि त्याची आई केमुंतो, दोघंच. लहानपणी या मुलानं तिचा रेडिओ उघडला, शिवणयंत्र उघडलं, आणि दोन्ही पुन्हा कधी जोडली गेली नाहीत. म्हणून गाडी अंगणात आली त्याच दिवशी आईनं बॉनेटवर हात ठेवून प्रार्थना केली आणि शब्द घेतला: मला विचारल्याशिवाय हिच्यातलं काही काढायचं नाही. मास्तरनं शब्द दिला.

आईच्या पंथाचा प्रार्थनेचा वार शनिवार, म्हणून दर शनिवारी ती चर्चमध्ये गायची. जाताना पाऊण तास गाडीत मागच्या सीटवर बसून ती गाण्याची उजळणी करायची आणि मास्तर आरशातून मान डोलवायचा. एखादी ओळ चुकली तर मुद्दाम खोकायचा. ती म्हणायची, तुझं गणित चुकतं तेव्हा मी खोकते का? मी खाली आपला धूर गाळत ऐकत असायची. माझ्या कामाची स्तुती कधी कोणी केली नाही. पण तिचा आवाज स्वच्छ निघायचा त्यात माझाही वाटा होता, असं मी मनाशी धरून होते. घरी परतल्यावर गाडी जरा निवली, की शेजारचं तांबडं मांजर माझ्या उबेला येऊन झोपायचं. माझे दिवस असे छान चालले होते.

मग गॅरेजमधल्या ओचोला मेस्त्रीनं मास्तरच्या कानात मंत्र फुंकला. म्हणाला, मास्तर, तुम्ही वाघ पाळलाय आणि त्याच्या नाकात बोळा घातलाय. ही कॅट काढा, तिथे सरळ नळी घाला, मग बघा चेरुइयोटचे बटाटे कसे उकडतात ते.

मास्तर दोन दिवस तळमळला. शब्द दिलेला, आणि आई 'हो' म्हणणार नाही हे पक्कं ठाऊक. तिसऱ्या दिवशी सकाळी आई अंगणात चहा पीत बसली होती, तेव्हा तो अगदी साळसूदपणे म्हणाला, "आई, गाडीखालचं मांजर काढू का?"

आईनं तळलेल्या गोड मंडाझीचा तुकडा चहात बुडवला. "हे काय विचारणं झालं? काढ की. पण शेपटीला धरून ओढू नकोस. आणि काढून कुठे टाकून देऊ नकोस, घरात आण. गारठ्यात मरेल बिचारं."

झालं. दुपारी मी नळीपासून तुटले. माझ्या पोटात सोन्याच्या तोडीचे धातू असतात, म्हणून भंगारवाला गॅरेजच्या दारात टपूनच होता. पण मास्तरनं मला गोणपाटात गुंडाळलं आणि सांगितलं की आईनं घरी आणायला सांगितलंय. अर्धा शब्द त्यानं वाकडा केला, उरलेला अर्धा मात्र सरळ पाळला. म्हणून तर मी आज तुमच्याशी बोलते आहे.

मी त्याच्या खाटेखाली जाऊन पडले. बाहेरचं सगळं तिथूनच कानांवर यायचं. गाडी अशी गरजायला लागली, की नाकुरूच्या सरोवरावरचे गुलाबी रोहित पक्षी उडाले ते म्हणे तीन दिवस उतरलेच नाहीत, आणि उतरले तेव्हा भीतीनं पांढरेफटक झाले होते. शाळेतली पोरं मास्तरला मैलभर अंतरावरूनच ओळखू लागली आणि तो वर्गात शिरेपर्यंत शहाण्यासारखी बसू लागली. तांबड्या मांजरानं तर अंगणच सोडलं.

शर्यत झाली. चेरुइयोट पहिला, मास्तर दुसरा. ओचोलानं डोकं खाजवून कबूल केलं की पूर्वी दोन गाड्यांचं अंतर पडायचं, यंदाही दोनच गाड्यांचं पडलं. "नळीचा दोष नाही, मास्तर. तिसऱ्या वळणावर तुम्ही आईची आठवण आल्यासारखा ब्रेक दाबता."

मास्तर हसला. पण मला खाटेखाली कळत होतं की त्याला झोप लागत नाही. कारण हरणं नव्हतं. तीन शनिवार आई गाडीतून उतरली ती डोकं धरून, घसा बसलेला. मागच्या दारातून धूर आत यायचा. आवाज एवढा, की ती गाते आहे हे तिच्या ओठांवरूनच समजायचं. चौथ्या शनिवारी तिनं छत्री उचलली आणि सांगितलं, मी भाड्याच्या मटाटूनं जाते, कोंबड्यांसकट चौदा जणांत बसेन, पण तिथे निदान माझं मला ऐकू येतं.

त्या रविवारी आई घर झाडत होती. केरसुणी माझ्यावर आपटली, ठण्ण. तिनं गोणपाट ओढून बाहेर काढलं, उघडलं आणि मुलाला हाक मारली.

"हे काय आहे?"

मास्तर दारात उभा राहिला. 

"मांजर," तो म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. आई ओरडली नाही. खाटेच्या कडेवर बसली आणि मला मांडीवर घेतलं, काजळीसकट.

"रेडिओचे स्क्रूसुद्धा तू खाटेखालीच लपवले होतेस," ती म्हणाली. "मला गाडीचा राग नाही रे. चर्चमध्ये आम्ही वीस बायका एका वेळी गातो, कोण कोणाचं ऐकतंय? माझं एकटीचं गाणं ऐकणारा तूच होतास."

मास्तरनं मला तिच्या मांडीवरून उचललं आणि चप्पलसुद्धा न घालता ओचोलाकडे निघाला.

ओचोला कुरकुरला, वाघाची शेळी होणार म्हणाला. पण बोल्ट त्यानं नवे घातले. पुढच्या वर्षीही मास्तर दुसराच आला. चेरुइयोटनं मोठ्या मनानं एक पोतं बटाटे दिले.

आणि शनिवारी आई पुन्हा मागच्या सीटवर असते. बसण्याआधी मात्र ती छत्रीच्या टोकावर भार देऊन वाकते आणि गाडीखाली बघते. तांबडं परत आलंय, माझ्याच उबेला झोपतं. त्याला ती चुचकारून बाहेर काढते. मग छत्रीनं मला एक टकटक करते आणि मी जागच्या जागी आहे अशी खात्री झाली की मुलाला सांगते, चल आता.

तेव्हा मित्रांनो, गाडी सुरू करण्याआधी तुम्हीही जरा खाली वाकत जा. आणि गाडीखालचं मांजर काढू का, असं कोणी गोड आवाजात विचारलं, तर 'हो' म्हणण्याआधी एवढंच विचारा: कोणतं?