साहेबांनी वाचलेली चिठ्ठी

आमच्या साहेबांना समितीसमोर कधीही काहीही आठवत नाही. कंपन्यांनी आपला वार्षिक अहवाल कसा लिहावा याचे नियम आमचं कार्यालय करतं आणि लोकप्रतिनिधींची समिती आम्हाला बोलावून त्याचा जाब विचारते. तिथे साहेब पुढच्या खुर्चीत, मी त्यांच्या मागे. प्रश्न आला की मी चिठ्ठी सरकवायची आणि साहेबांनी ती धडाधडा वाचायची. आधी नजरसुद्धा फिरवायची नाही. "आधी पाहिलं की अडखळायला होतं," म्हणतात. आता यावर काय बोलणार, कपाळ!

त्या दिवशी माझा जीव टांगणीला लागला होता. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती आणि तो कागद साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. म्हणून ठरवलंच होतं, मिठाची गुळणी धरून बसायचं.

अध्यक्षबाई आमचा नवा नियम मोठ्याने वाचू लागल्या. "'अनावर्ती समायोजनांनंतरचा निष्कर्ष अंतिम टिपांच्या अधीन राहील.' साहेब, म्हणजे काय हो? कंपनी तोट्यात आहे हे माणसाला पहिल्या पानावर कळणार की नाही?"

साहेबांचा हात मागे आला. चिठ्ठी!

ही ओळ माझी नव्हतीच. माझ्या मसुद्यात 'नफा की तोटा, ते पहिल्या पानावर साध्या शब्दांत सांगा' एवढंच होतं. नंतर ते कुणी बदललं देव जाणे. माझी सटकली. निदान साहेबांना सावध करावं म्हणून चार शब्द खरडले आणि पुढे दिले.

साहेबांनी घसा खाकरला. "साहेब, याचा अर्थ मलाही कळत नाही. तोटा शेवटच्या पानात दडपायला ही ओळ घातलेली दिसते. हिची बाजू घेऊ नका, तोंडघशी पडाल."

मग कुणीतरी फस्सकन हसलं. गेली नोकरी!

"हे कोणाचं म्हणणं?" अध्यक्षबाईंनी माझ्याकडे रोखून पाहत विचारलं.

साहेबांनी चिठ्ठीची घडी घालून खिशात टाकली. "माझं," ते म्हणाले. "म्हणजे, आमच्या कार्यालयाचं."

"मग काढा ती ओळ. आणि नफा-तोटा पहिल्या पानावर आणा," बाई म्हणाल्या आणि पुढच्या विषयाकडे वळल्या.

बाहेर जिन्यात मी हात जोडले. "साहेब, चुकलं माझं."

"चुकलं कसलं! कंपनीवाले वर्षभर माझ्या मानेवर बसून होते. शेवटी मीच घातली ती ओळ. काढायची माझी छाती नव्हती. आता समितीचाच हुकूम म्हटल्यावर ते कुठल्या तोंडाने येणार?" साहेब कोट सांभाळत पायरीवरच बसले. "तुझ्या कागदावर आजच सही करतो. जरा थांब, पायच उचलत नाहीत."

मला एकदम रडू फुटलं.

"अगं, आता कशाला रडतेस?"

"सुटले म्हणून, साहेब."

"मग रड," ते म्हणाले आणि त्यांनीही बाहीने डोळे पुसले.