खंडेनवमीसाठी धुतलेली रॅकेट

मित्रांनो, मी टेनिसची एक जुनी रॅकेट आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण आता माझं तोंड असं वाकडं झालंय की पाहून कुणी ओळखणार नाही. काटेवाडीत, गोठ्याशेजारच्या खोलीत, पेंडीच्या पोत्यांमागे मी पडून असते.

शंभरएक वर्षांपूर्वी पुण्याच्या एका जिमखान्यावर गेणबा नावाचा गडी मैदानाला चुन्याच्या रेघा मारायचा. मेंढरं राखणाऱ्या घरातला, पायाने वाऱ्यासारखा. विलायतेला परतताना एका साहेबाने मला त्याच्या हाती दिलं. मग साहेब लोक उठायच्या आत आम्ही दोघं भिंतीशी झुंजायचो. पुढे हाच गेणबा अनवाणी खेळून इलाख्याचा अजिंक्यवीर झाला, तोही ओळीने तीन वर्षं! भल्याभल्या गोऱ्यांना त्याने घाम फोडला. टाळ्या खूप वाजायच्या, पण सामन्यानंतरच्या चहाला त्याला कुणी टेबलाशी बोलवत नसे. तो पायरीवर बसून कोरड्या फडक्याने मला पुसायचा आणि वाकू नये म्हणून लाकडी चौकटीत आवळून ठेवायचा. खांदा निकामी झाला तसा तो मला घेऊन गावी परतला. पुढे तो वारला आणि त्याच्याबरोबर ती चौकटही गेली आणि ते पुसणंही.

त्याचा नातू जयवंता. मला पाणी चालत नाही हे त्याला ठाऊक नव्हतं, पण अभिमान केवढा! खंडेनवमीला विळा, कुऱ्हाड, ट्रॅक्टर यांची पूजा मांडताना तो मला मधोमध ठेवायचा.

जयवंताची नात राजलक्ष्मी बारामतीला टेनिस शिकते. आपले खापरपणजोबा अजिंक्यवीर होते, असं तिने सांगितलं तेव्हा मैत्रिणींनी तिला थापाडी ठरवलं. त्यावर टेनिसचे सर म्हणाले, "खंडेनवमीला येतो. रॅकेट दाखव."

जयवंताला आभाळ ठेंगणं झालं. आदल्या दिवशी त्याने ट्रॅक्टर धुतला आणि त्याच पाइपाखाली मलाही धरलं. साबण लावून घासलं, पत्र्यावर कडक उन्हात वाळत घातलं. माझं लाकूड पिळवटलं. माझ्या जाळीच्या, जनावराच्या आतड्यापासून केलेल्या ताती फुगल्या आणि एकेक करून तुटल्या. संध्याकाळी त्याने मला पाहिलं आणि तुटलेली टोकं जोडून पाहू लागला. मला त्याचा राग आला नाही. लाज वाटली ती माझीच. पोरीची साक्ष द्यायची होती आणि मला धड सरळही राहता येईना.

दुसऱ्या दिवशी सर आले, सोबत दोन मैत्रिणी. सरांनी मला उचललं. "हीच का ती?"

मैत्रिणी तोंड दाबून हसल्या. राजलक्ष्मी लालबुंद झाली.

"नाही सर. ही अशीच पडलेली होती. खरी पुण्याला आत्याकडे आहे."

आता जयवंता कडाडणार, असं मला वाटलं. त्याने नातीकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

"व्हय सर. पुण्यालाच हाय. हितं न्हाय काय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाहुणे गेल्यावर राजलक्ष्मी रडू लागली. "आबा, मी..."

"असू दे पोरी. नासाडी मीच केली." असं म्हणून त्याने मला पोत्यांमागे सारलं. तेव्हापासून तो या खोलीत आला की माझ्याकडे पाठ करूनच पेंड काढतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना हात लावण्याआधी त्यांना काय सोसतं ते जाणत्याला विचारा. आणि मायेने कुणाच्या हातून काही बिघडलं, तर ती वस्तू नाकारून त्या माणसाला चारचौघांत परकं करू नका.

राजलक्ष्मी आता छान खेळते म्हणे. गोठ्यात धार काढताना घरातली माणसं बोलतात, ते मला ऐकू येतं. जयवंता तिच्या प्रत्येक सामन्याला जातो, पण पोरीला त्या दिवसासारखी लाज वाटायला नको म्हणून जाळीबाहेर रस्त्यावरच उभा राहतो. कधी बारामतीच्या मैदानावर गेलात, तर तिला माझा निरोप द्या: "मला पुन्हा पूजेत मांडलं नाही तरी चालेल, पण आबाला तेवढं आत बोलाव."