ल्युबिसावच्या बागेतला नेपच्यून

रादोयकाबाईंनी आमच्या शाळेत एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी नगरपालिकेकडून नऊ दगड मंजूर करून घेतले. चौकात सूर्य, आणि डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोजूनमापून आठ ग्रह. एक मीटर म्हणजे दहा लाख किलोमीटर. या हिशेबाने सूर्य माझ्या छातीपर्यंत आला आणि पृथ्वी दीडशे मीटरवर, बेकरीच्या दारातल्या दगडावर, कोरलेल्या हरभऱ्याएवढी निघाली.

ट्रॅक्टर माझा, म्हणून दगड वाहायचं काम माझ्याकडे आलं. युरेनसपर्यंत कुणाची तक्रार नव्हती. नेपच्यून मात्र साडेचार किलोमीटरवर येत होता आणि तिथे ल्युबिसावची आलुबुखारांची बाग होती. ल्युबिसाव हा बाईंचा पूर्वीचा नवरा. घटस्फोटाला बावीस वर्षं झाली होती. कोर्टात त्याने एकच कारण सांगितलं होतं, की हिला सगळं माहीत असतं.

आम्ही पोहोचलो तेव्हा तो कुंपण दुरुस्त करत होता. बाईंनी दगडाचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, तोंडातला खिळा काढला आणि विचारलं,

"हा नेपच्यून फिरतो ना सूर्याभोवती?"

"फिरतो. एका फेरीला एकशे पासष्ट वर्षं."

"म्हणजे साडेचार किलोमीटरवर कुठेही चालला असता."

"चालला असता."

"मग इथेच का?"

"इथे रस्ता आहे," बाई म्हणाल्या.

मी ट्रॅक्टरचं चाक तपासायला लागलो. चाकाला काही झालं नव्हतं.

बाईंनी मग त्याला समजावलं की ग्रहच काय, सूर्यसुद्धा एका जागी नाही. तो सेकंदाला दोनशेहून जास्त किलोमीटर धावतोय, आणि ही बागही त्याच्याबरोबर धावतेय. ल्युबिसाव म्हणाला, तरीच कुंपण सरळ राहत नाही. हे सगळं आलं कुठून, असं त्याने विचारलं. बाईंनी सांगितलं, फार पूर्वी सगळं एकवटलेलं, अतिशय तापलेलं होतं आणि पसरायला लागलं. ते कुठे घडलं, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, सगळीकडेच.

"माझ्या बागेतही?"

"तुझ्या बागेतही."

"मला कुणी विचारलं नाही."

"तेव्हा विचारायला कुणी नव्हतं."

त्याने खिळा फळीवर टेकवला आणि हातोडी उचलली. "आणि त्याच्या आधी काय होतं?"

मला वाटलं, आता तासभर सुटका नाही.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या.

ल्युबिसावने हातोडी खाली ठेवली. "पुन्हा सांग."

"माहीत नाही, ल्युबिसाव. कुणालाच माहीत नाही."

तो घरात गेला आणि राकियाची, म्हणजे आलुबुखारांच्या दारूची, बाटली घेऊन आला. ग्लास तीन आणले, पण मला ट्रॅक्टर चालवायचा होता. दगड कुठे बसवायचा ते त्याने स्वतः दाखवलं, कडेला नाही, बागेच्या मधोमध. आम्ही तो दुपारपर्यंत पक्का केला.

उद्घाटनाला नगराध्यक्ष गुरूपर्यंत चालले आणि गाडीत बसून परत गेले. बाकीचे शनीपाशी थांबले, कारण तिथे सावली होती. बाई एकट्याच पुढे गेल्या. संध्याकाळी मी डोंगरावरून ट्रॅक्टर घेऊन खाली उतरत होतो, तेव्हा त्या परत येताना दिसल्या. ल्युबिसाव बरोबर होता. युरेनसपाशी तो थांबला. म्हणाला, आज इथपर्यंतच, गुडघा दुखतोय.